काळी पाच

चैत्रातल्या एका दुपारी आई म्हणाली, "तंबोरा चढलाय गं," आणि मी घाबरले.

आता तंबोरा चढला यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. माझ्या नवऱ्यानं विचारलंच. "चढला असेल तर उतरव की," म्हणाला आणि कूलरमध्ये पाणी ओतायला निघून गेला. त्याला काय कळतंय! मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि ताणलेली तार हा माझा हातखंडा धडा आहे. सोलापूरच्या चैत्रात दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. असल्या उन्हात पोलादी तार तापते, लांबते, सैल पडते. तंबोऱ्याचं लाकूड सुकून आक्रसतं, त्यानं ती आणखी सैल होते. सैल तारेचा स्वर खाली येतो. म्हणजे उन्हाळ्यात तंबोरा उतरतो. आमचा दरवर्षी उतरतो आणि मी दरवर्षी खुंट्या पिळून तो वर आणते. तो आपोआप चढणं शक्यच नाही.

तरी मी बघितलं. स्वर दाखवणारं एक ॲप माझ्या फोनमध्ये आहे, मुलांना दाखवायला घेतलेलं. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, ज्यांना जोडी म्हणतात, त्या आईच्या 'सा'ला लावलेल्या असतात. फोन म्हणाला, जोडी असायला पाहिजे त्याच्या किंचित खालीच आहे. म्हणजे तंबोरा उतरलेलाच होता, आणि तरी आईला तो वर गेलेला वाटत होता.

"आई, एकदा 'सा' लाव बघू."

"आत्ता न्हाय. आत्ताच जेवलीया मी."

"मग चारला लाव."

"चारला च्या घेणार हाय मी. तू काय मास्तरीण हायस व्हय माझी? जा, पेपर तपास जा."

एरवी मी वाद घातला असता. मला चटकन राग येतो, आणि तो कुठून आला हे आईकडे बघितलं की कळतं. पण त्या दिवशी मी मुकाट पेपर घेऊन बसले. आई रोज सकाळी तंबोरा घेऊन बसायची, ते बंद होऊन किती दिवस झाले हे मी आठवत होते, आणि मला आठवत नव्हतं.

आई सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचा आवाज तिला मेंढरांनी दिला असं तीच सांगते. या टेकावरून त्या टेकावरच्या भावाला हाक मारायची, वारा उलटा असला तरी ती पोचायची. लग्न होऊन सोलापुरात गिरणीच्या चाळीत आली तेव्हा सगळ्या बायका तिला "अगं, हळू बोल की बाई" म्हणून हैराण. मग चाळीशेजारच्या भजनी मंडळात कुणीतरी तिला नेऊन बसवलं आणि पेटी वाजवणाऱ्या काकूंनी तिचा गळा तपासून सांगितलं, "अक्का, तुमची पट्टी काळी पाच."

पेटीवर एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच असतात. गाणाऱ्याचा 'सा' ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. मंडळातल्या बाकीच्या बायका काळी चार, पांढरी पाच, अशा खाली खाली. काळी पाचला गाणारी आई एकटी. तेव्हा तिला सहीसुद्धा करता येत नव्हती, पण आपण काळी पाच आहोत हे तिला ठाऊक होतं, आणि ते ती सगळ्या गावाला सांगायची. भाजीवाल्याला सांगायची. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलं होतं, मी लाजेनं मेले होते. वडील गेल्यावर ती आमच्याकडं राहायला आली ती एक पत्र्याची ट्रंक आणि तंबोरा घेऊन. घर वडिलांच्या भावांचं, शेत तिच्या भावांचं. तिचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर तो आवाज होता, आणि तो गेला तर ती कशावर जगेल हा विचार माझ्या मनात त्या दुपारी पहिल्यांदा आला.

त्याच आठवड्यात सीईटीच्या मुलांचा प्रयोगशाळेत ज्यादा तास होता. टेबलावर स्वरमापी मांडला होता. स्वरमापी म्हणजे एक लांबट पोकळ लाकडी खोकं, त्यावर ताणलेली एक तार, आणि तारेच्या टोकाला लटकवलेली वजनं. ही तार छेडून मी दरवर्षी तेच सांगते. तारेचा स्वर तीनच गोष्टींनी बदलतो. लांबी, ताण आणि तारेचं स्वतःचं वजन. आखूड करा, स्वर चढेल. ताण वाढवा, चढेल. तार जड करा, उतरेल. चौथं काही नाही, उगाच उत्तरपत्रिकेत निबंध लिहू नका.

जड करून दाखवायला मी तारेच्या मधोमध मेणाचा एक मणी चिकटवते. वाटाण्याएवढा. मग तार छेडते. स्वर खाली येतो हे तर झालंच, पण त्याचा गोडवाही जातो. साधी तार हलते तेव्हा ती सबंध हलते, अर्धी अर्धी हलते, तिसऱ्या हिश्शात हलते, आणि ते सगळे स्वर एकमेकांशी जुळतात. मणी चिकटला की सबंध हलणारी तार मंदावते आणि अर्धी अर्धी हलणारी मात्र होती तशीच राहते, कारण मधोमध ती हलतच नसते. मग सगळी जुळणी बिघडते आणि तार घोगरी बोलते. मुलं दरवर्षी हसतात. त्या दिवशीही हसली.

मी मात्र हात तसाच तारेवर ठेवून उभी राहिले. माणसाच्या गळ्यातही दोन ताराच असतात, नुसत्या मांसाच्या. आईच्या गळ्याचा स्वर उतरला असेल तर तीनच कारणं. लांबी या वयात वाढत नाही. ताण वयानं थोडा कमी होतो, पण हळूहळू, वर्षानुवर्षं. राहिलं वजन.

"हसताय काय गाढवांनो, लिहून घ्या," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

पण एक गोष्ट काही केल्या बसत नव्हती. दर गुरुवारी दुपारी आई मंडळात गात होती, आणि काळी पाचला गात होती. गेल्याच महिन्यात मी तिला आणायला गेले होते, तेव्हा काकूंचं बोट पेटीच्या काळी पाचवर मी स्वतः बघितलं होतं. घरी तंबोऱ्याशी जमत नाही आणि तिथं पेटीशी जमतं, हे कसं? दोन्हीचा स्वर एकच असायला पाहिजे. मी रजा टाकली आणि गुरुवारी आईबरोबर मंडळात जाऊन बसले.

पेटीवाल्या काकूंच्या घरी तेलुगू बोलतात. खाली टॉवेल-नॅपकिनचे माग, वर राहतं घर, आणि वरच्या पुढच्या खोलीत भजन. मागांची खडखड फरशीतून पायांत येते. नवख्या माणसाचं डोकं उठतं, पण मंडळातल्या बायकांना ती ऐकूच येत नाही. काकू आईपेक्षा बऱ्याच लहान आहेत. आईला त्या अक्का म्हणतात आणि आई त्यांना पोरगी म्हणते, त्यांना नातवंडं झाली तरी. पेटीच्या उजव्या अंगाला काकूंनी घरचाच एक जाडसर नॅपकिन घालून ठेवला होता. "धूळ बसते हो, सूत उडतं खालून," त्या न विचारताच मला म्हणाल्या.

आई गायला लागली. काकूंचं बोट काळी पाचवर. मी मान लांब करून दोनदा बघितलं. आई नेहमीच्या जागी नेहमीसारखी वर जात होती, निदान वाटत तसं होतं. फक्त ओळ संपता संपता तिचा श्वास आधी संपायचा, आणि तेवढ्या जागेत काकू पेटी जोरात भरायच्या. आणि आवाजाला एक खर आली होती, ज्वारी भरडताना येते तशी.

"काय भारदस्त झालाय की आवाज वयानं!" शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली. "पयल्यापेक्षा गोड लागायलाय."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पदराखाली मी फोन चालू केला. फोननं काळी तीन दाखवली. मग काहीच्या काही दाखवायला लागला, कारण खालून माग ठोकत होते. काळी तीन म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून चार पट्ट्या खाली. मी फोन बंद केला आणि स्वतःला बजावलं, हा आवाजात गोंधळलाय, मूर्ख आहे, याचं काय ऐकायचं.

पुढच्या गुरुवारी मी आईच्या आधी तासभर काकूंकडं गेले, तंबोरा घेऊन. घरी शांततेत त्याची जोडी नीट काळी पाचला लावून आणली होती. त्या दिवशी पेठेतली वीज गेली होती. माग बंद. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटला.

"काकू, तंबोरा पेटीशी जुळवून घ्यायचाय. जरा मदत करा की."

त्यांनी पंखा हलवायचा थांबवला. "पेटी जुनी झाली हो माझी. तिच्यावर काय जुळवता?"

मी तंबोऱ्याचा भोपळा पेटीच्या लाकडाला टेकवून ठेवला. प्रयोगवहीच्या कागदाचा एक बारीक तुकडा दुमडला आणि जोडीच्या तारेवर अडकवला. मुलांना आम्ही हेच शिकवतो. एका वस्तूचा स्वर दुसऱ्या तारेच्या स्वराशी तंतोतंत जुळला, तर ती तार हात न लावता आपोआप हलायला लागते आणि तिच्यावरचा कागद उडून पडतो. जुळला नाही तर कागद ढिम्म बसून राहतो.

"काळी पाच दाबा."

काकूंनी भाता हलवला आणि काळी पाच दाबली. कागद बसून राहिला.

"जोरात."

पेटी घुमली. कागद हलला नाही. मी कागद काढला, परत ठेवला. "आता पुढची. त्याच्या पुढची. एकेक करत वर जा." काकू एकेक पट्टी दाबत वर गेल्या. पुढच्या सप्तकातल्या पांढऱ्या दोनवर बोट पडलं आणि तंबोरा आपोआप गुणगुणला. कागद थरथरला आणि खाली पडला.

काकूंनी बोट उचललं नाही. पेटी वाजतच राहिली, भात्यातला वारा संपेपर्यंत. मी नॅपकिन ओढून काढला. पेटीच्या पट्ट्यांचा सगळा पट्टा डावीकडं सरकलेला होता आणि उजवीकडं बोटभर फट उघडी पडली होती.

ती स्केलचेंजर पेटी होती. तिच्यात पट्ट्यांचा सबंध पट्टा उचलून एकेक घर सरकवता येतो. बोटं ज्या पट्टीवर सवयीनं पडतात त्याच पट्टीवर पडतात, पण खालून वेगळा स्वर वाजतो. बघणाऱ्याला काळी पाच दिसते आणि ऐकू काळी तीन येते. आणि गाणारी बाई पेटीच्या स्वराला स्वर लावते. तिला कुठं तंबोरा समोर असतो!

"काकू, हे काय केलंत तुम्ही?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. "दिवाळीच्या आधी एकदा अक्कांचा आवाज वर जाताना फाटला. सगळ्या बघायला लागल्या. अक्कांचं तोंड एवढंसं झालं होतं हो. पुढच्या गुरुवारी मी एक घर खाली घेतलं. काय सुंदर गायल्या! मग संक्रांतीला परत तसंच व्हायला लागलं, म्हणून आणखी एक. असं करत करत चार झाली. वय झालं की उतरतोच ना आवाज? पण अक्कांना कोण सांगणार, की आता तुम्ही काळी पाच नाही? माझी जीभ नाही रेटली."

"ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बदललात तुम्ही काकू!" मी इतकी ओरडले की खालून त्यांची सून जिन्यात येऊन उभी राहिली. "वयानं उतरतो तो असा भराभर उतरतो? एक घर सरकवलं तेव्हाच मला सांगितलं असतं तर? अहो, निदान मला तरी!"

काकू रडत होत्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्यावर धड रागावताही येत नव्हतं, कारण त्यांनी केलं ते मायेनं. पेठेत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं काकूंनाच शाबासकी दिली असती.

तेवढ्यात जिन्यात आईचा खाकरण्याचा आवाज आला. काकूंनी झटकन नॅपकिन पेटीवर घातला. मी कागदाचा तुकडा मुठीत लपवला. का लपवला ते मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टरकडं जायला आई तयार होईना. घसा बसला नाही, खोकला नाही, ठसका नाही, मग कशाला? आणि तोंडात सकाळची तंबाखूची मिश्री. मिश्रीच्या त्या डबीवरून आमची पंचवीस वर्षं भांडणं चाललेली आहेत. त्या दिवशी मी डबी खिडकीतून बाहेर फेकली. आई आधी शिव्या देणार असं वाटलं. तिनं दिल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "चल मग. कुटं न्यायचं तितं ने." तिनं इतक्या लगेच ऐकलं याचीच मला जास्त भीती वाटली.

नाक-कान-घशाचे ते डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी आईच्या नाकातून एक बारीक नळी आत घातली आणि समोरच्या पडद्यावर गळ्याचं आतलं दिसायला लागलं. ओलं, गुलाबी, आणि मधे दोन पांढरट पट्ट्या. "आजी, 'ई' म्हणा." आईनं म्हटलं. एक पट्टी थरथरत मधे आली. दुसरी जागची हलली नाही. तिच्यावर मधोमध एक उंचवटा होता, खडबडीत, वाटाण्याएवढा. मी पडद्याकडं बघतच राहिले. मेणाचा मणी मी स्वतःच्या बोटांनी शेकडो वेळा चिकटवला होता, तो असा दिसेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी नळी काढली, हात पुसले आणि विचारलं, "हा त्रास कधीपासून आहे?"

"तसा काही त्रास नव्हता," मी सुरू केलं, "आम्हाला आत्ताच..."

"दिवाळीपास्नं," आई म्हणाली.

मी गर्रकन वळले. दिवाळी हा शब्द काकूंनी मला सांगितला होता. मी आईला सांगितलेला नव्हता.

बाहेर बाकावर बसलो. समोर रिक्षा उभ्या होत्या, ऊन नुसतं भाजत होतं. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मेंढरं राखल्याली बाई हाय मी. कळपातलं एक कमी झालं तर न मोजता कळायचं मला. पट्टी सरकल्याली कळणार न्हाय व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ती पोरगी माझ्यासाटी चोरून एवढं करतीया. मी बोलले असते तर तिला मेल्याहून मेल्यासारकं झालं असतं. तिला वाटत हुतं, मला कळत न्हाय. मला वाटलं, वाटू दे." आईनं पदरानं मान पुसली. "आन् भ्या वाटत हुतं गं. दर बारीला पट्टी खाली गेली की वाटायचं, आता अजून किती."

"मला तरी सांगायचंस!"

"सांगितलं की. तंबोरा चढलाय म्हणाले."

रस्त्यातली सगळी माणसं बघत होती आणि मी बाकावर बसून हुंदके देत होते. आईच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

पुढचं भराभर झालं. तुकडा काढून तपासायला पाठवला, दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. गाठ कॅन्सरची आहे आणि खोल गेली आहे. स्वरयंत्र सबंध काढावं लागेल. मग जीव वाचेल असं वाटतं. आवाज राहणार नाही. थोडं आधी आलो असतो तर नुसत्या किरणांवर भागलं असतं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित. आई शांतपणे ऐकत होती.

"म्हंजी माझी पेटी काढणार म्हणा की," ती म्हणाली.

"तसंच, आजी."

"टाळ वाजवता येतील?"

"येतील की."

आईनं मान डोलावली. जणू भाजीचा भाव पटला.

ऑपरेशनच्या आधीचा जो गुरुवार आला, त्या दिवशी ती भजनाला गेली. मी नको म्हणत होते, नवरा नको म्हणत होता, ऐकते कोण. खोली खच्चून भरली होती, कारण पेठेत बातमी पसरली होती. काकूंनी पेटीवरचा नॅपकिन काढून टाकलेला होता. पट्ट्यांचा पट्टा जागच्या जागी होता, कुठं फट नव्हती. त्यांचे डोळे सुजलेले होते आणि त्या आईकडं बघत नव्हत्या.

आई पेटीसमोर मांडी घालून बसली. "काळी पाच दे, पोरी. खरी."

काकूंनी पट्टी दाबली. आईनं डोळे मिटले आणि 'सा' लावला. नुसता वारा आला, आणि त्याच्या मागून खर. तिनं परत लावला. परत तेच. बायका खाली बघायला लागल्या. कुणीतरी टाळ जमिनीवर ठेवले, त्याचा आवाज झाला.

"उतरव," आई म्हणाली.

काकूंनी सगळ्यांच्या देखत पट्टा उचलला आणि एक घर सरकवला. खट. आईनं 'सा' लावला. लागला नाही.

"उतरव."

खट. नाही लागला.

"अगं उतरव की, लाजतीस काय आता?"

खट. खट. आई दर वेळी मान ताठ करून, डोळे मिटून तितक्याच मनापासून स्वर लावायची. काळी तीनला मागच्या महिन्यात ती गात होती. आता तिथंही काही उरलं नव्हतं. काकू सरकवत राहिल्या. खालून माग चालू होते, आणि दोन ठोक्यांच्या मधे ते खट मला माझ्या दातांत जाणवत होतं. मग काकूंनी पट्टा उचलला, ढकलला, आणि तो हलला नाही. त्यांनी परत ढकलला.

"अक्का," त्या म्हणाल्या, "आता सरकत नाही. घरं संपली."

आईनं डोळे उघडले. पेटीकडं बघितलं, उजवीकडं उघड्या पडलेल्या फटीकडं बघितलं.

"मग ऱ्हाऊ दे पेटी," म्हणाली आणि टाळ उचलले.

बायकांनी पेटीशिवाय सुरू केलं. ज्याची त्याची पट्टी वेगळी, कुणी काळी चारला, कुणी पांढरी पाचला, कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. एरवी आईनं एकेकीला झापलं असतं. आज तिचं फक्त तोंड हलत होतं आणि टाळ वाजत होते. मी तिच्या मागं बसले होते. मी तिच्या पाठीवर तळहात ठेवला. पाठ थरथरत होती. ती गात होती. ऐकू मात्र काही येत नव्हतं.

आई वाचली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर लोक विचारत बसतात. ती आहे, आमच्या समोरच्या खोलीत आहे. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते, आणि माझ्यावर रागावली की टाळ वाजवते. पण ऑपरेशनच्या सकाळी, आत नेताना, स्ट्रेचर दारापाशी क्षणभर थांबलं होतं. तिनं माझं बोट धरून मला खाली ओढलं. आवाज म्हणजे नुसतं खरखरणं होतं, तरी शब्द स्वच्छ होते.

"उन्हानं तंबोरा उतरतो म्हणतीस न्हवं तू?"

"हो."

"मग चढवत जा अधनंमधनं. काळी पाचला. माझ्यासाटी म्हणून खाली लावू नगंस."

मी हो म्हणायच्या आत त्यांनी तिला आत नेलं आणि दार लागलं.